चुनी कोणाची

पाण्याखालच्या जीवनाचं काय करायचं, हा प्रश्न ताथोडांच्या दाल मिलमध्ये सुटता सुटत नव्हता. बाकीचे चौकोन भरत आले होते. अकोल्यातल्या त्या गिरणीच्या भिंतीला आजवर कॅलेंडर आणि गणपती यांच्याशिवाय काही लागलं नव्हतं. तिथे आता कुलदीपने जगाने शाश्वत विकासासाठी ठरवलेल्या सतरा उद्दिष्टांचे सतरा रंगीत चौकोन ओळीने चिकटवले होते. प्रत्येकाखाली एक कोरा कागद होता. आपल्या गिरणीने जगासाठी काय केलं, ते त्यावर लिहायचं. जग वाचवायची इतकी घाई होण्याचं कारण साधं होतं. देशभर किराणा विकणाऱ्या एका पुण्याच्या कंपनीची बाई उद्या तपासणीला येणार होती. शाश्वत विकासाला हातभार लावणाऱ्या लहान उद्योगांकडूनच आम्ही डाळ घेऊ, असं कंपनीचं म्हणणं होतं. तपासणीत पास झालं की पाच वर्षांची ऑर्डर पक्की होती.

"अकोल्यात पाण्याखालचं जीवन आणू कुठून?" कुलदीप शिडीवरून म्हणाला. "इथं पाणीच कुठे आहे?"

"फिशट्यांक आन ना बापा एक," त्याचे वडील शेषराव खालून म्हणाले. "दोन मासोया सोड त्यात. झालं पाण्याखालचं जीवन."

सगळे हसले, पण अर्ध्या तासात माणूस फिशटँक आणायला गेलासुद्धा. ताथोडांच्या घरात थट्टेत निघालेली गोष्ट सगळ्यात आधी अमलात यायची.

शेषरावांचे धाकटे भाऊ सूर्यभान कालच अमरावतीहून आले होते. अमरावतीत उभा जन्म त्यांनी समाजशास्त्र शिकवलं, आणि त्याने समाजाचं काही बिघडलं नाही. गिरणीत त्यांचा हिस्सा होता. त्यामुळे गिरणीला चांगले दिवस येणार अशी चाहूल लागली की ते न बोलावता येत आणि आल्यावर भाषण करत. आत्ता ते सातव्या चौकोनापुढे उभे होते.

"स्वच्छ ऊर्जा. इथे लिही, की साल सुटावी म्हणून तुरीला तेलपाणी केल्यावर आम्ही ती यंत्रात न वाळवता आवारात उन्हात वाळवतो. सौर ऊर्जा."

खुर्चीत बसलेल्या नत्थुजींनी कान टवकारले. गिरणी त्यांनी काढलेली. वय झालं तरी त्यांचं रोज सकाळी येऊन बसणं चुकलं नव्हतं. "म्हंजे तूर उन्हात टाकनं ते सौर ऊर्जा?"

"हो बाबा."

"मंग मी तं पहिल्या दिवसापासून सौर ऊर्जा करून राहिलो! अन् मले कोणी सांगतलं नाई!"

आवारात तूर पसरणाऱ्या बायांना सुरक्षिततेच्या चौकोनासाठी पिवळी हेल्मेटं दिली होती. शेषरावांच्या साळ्याचं एक बांधकाम चालू होतं, तिथून दोन दिवसांसाठी ती मागून आणली होती. उघड्या आभाळाखाली डोक्यात काय पडणार, हे कोणी विचारलं नाही. बायांनी ती पदरावरून घातली आणि एकमेकींकडे बघून पोट धरून हसल्या.

कुलदीपचा खरा अभिमान बारावा चौकोन होता. जबाबदार उत्पादन. त्याखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'गिरणीतून निघणारी सर्व चुनी आधुनिक पशुखाद्य प्रकल्पाकडे. कचरा शून्य.'

तूर भरडली की डाळ निघते आणि डाळीबरोबर तुकडा-भुगा निघतो. ती चुनी. गाई-म्हशी ती आवडीने खातात. आजवर ही चुनी शेजारच्या पुंजारामच्या म्हशींच्या पोटात मुकाट जात होती आणि दूध होऊन ताथोडांच्याच चहात परत येत होती. आता ती ट्रकमधून अमरावती रोडच्या एका कारखान्यात जाणार होती आणि गाईचं चित्र छापलेल्या पोत्यात भरून पुन्हा पुंजारामला विकली जाणार होती. याला कुलदीप चक्राकार अर्थव्यवस्था म्हणत होता. कारखान्याला त्याने शब्दही देऊन टाकला होता.

नत्थुजींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "तुह्या आईले इचारलं?"

"आजोबा, घरातलंच तर आहे."

नत्थुजींनी काठी हातात घेतली. तेल्हाऱ्याला त्यांनी पहिली चक्की टाकली तेव्हा बायको गोदाबाई त्यांच्याबरोबर राबत होती. पहिल्याच हंगामात तिने सांगून टाकलं होतं, दाळ तुमची, चुनी माही. तेव्हापासून घरातली रीतच पडली. डाळ पुरुषांची, चुनी घरच्या मोठ्या सुनेची. चुनी विकून आलेले पैसे तिचे, आणि त्यांचं काय केलं हे घरातल्या कोणत्याही पुरुषाने तिला विचारायचं नाही. गोदाबाईने मरेपर्यंत सांगितलं नाही, नत्थुजींनी विचारलं नाही. तिच्यामागे चुनी शेषरावांच्या बायकोकडे, आशाबाईकडे आली होती. नातवाला हे सगळं ठाऊक होतं. नत्थुजींना त्याला थांबवता आलं असतं. पण पाच वर्षांची ऑर्डर त्यांनाही हवी होती, म्हणून म्हातारा खाली बघत काठीने जमिनीवर रेघा ओढत बसला.

*

घर गिरणीच्या मागेच होतं. आशाबाईला ही बातमी सूर्यभानकडून कळली, तीही चहाबरोबर.

"वहिनी, उद्या महिला सक्षमीकरणाचा फोटो तुमचा आणि सीमाचा आहे. वजनकाट्याजवळ उभं राहायचं. नऊवारी नेसा, छान दिसेल. आणि हो, चुनीचं ते कुलदीपने मार्गी लावलंय. आता तुम्हाला पुंजारामशी घासाघीस करायची दगदग नाही."

आशाबाईने कप खाली ठेवला आणि सरळ नवऱ्याला गाठलं.

"चुनी देली म्हणे तुमी कारखान्याले?"

"कुलदीपनं देली. अवो, घरातलंच हाय ना? गेली कोठी?"

"घरातलंच हाय तं दाळबी घरातलीच हाय. ते द्या मले."

शेषराव मनापासून हसले. बायकोच्या विनोदाला हसण्याइतका चांगला स्वभाव त्यांचा होता, आणि तो विनोद नाही हे न कळण्याइतका भाबडाही.

आशाबाई स्वयंपाकघरात परत आली. कुलदीपची बायको सीमा उद्यासाठी डाळ भिजवत होती. भूकमुक्तीचा दुसरा चौकोन या दोघींकडे होता. तो कसा भरायचा याची चर्चा पुरुषांनी केलीच नव्हती. पाहुणीला जेवायला घातलं की झालं.

"ऐकलं ना तू?"

"ऐकलं." सीमाने मान वर केली नाही. "त्यायच्या कागदावर ते मीच तं लिवून देलं. माहं अक्षर चांगलं हाय म्हणून."

"अन् मले सांगतलं नाई?"

"कायले सांगू आई? लग्न झाल्यापासून तुमी म्हणून राहिल्या, दिवाळीले चुनी तुही. किती दिवाळ्या गेल्या. मले ते भेटनारच नव्हती. गेली तं तुमची गेली."

हे खरं होतं. सुनेचं घरात बस्तान बसलं की सासूने चुनी सोडायची, हाही रीतीचाच भाग. आशाबाईने ती सोडली नव्हती. सीमाला वाटे, सासू गुपचूप सोनं करून राहिली आहे. अमरावतीला माहेरी फोन करून तिने तसं सांगितलंही होतं. आशाबाईने दार लोटलं आणि ती पाटावर बसली.

"मी दरसाल तेल्हाऱ्याले बहिणीकडं जाते. हाय ना?"

"हो. थंडीत."

"तेल्हाऱ्याले नाई जात मी. बहिणीले फोन करून ठेवते, कोणी इचारलं तं हाय म्हनजो. मी परतवाड्यावरून चिखलदऱ्याले जाते."

सीमाचा हात डाळीतच राहिला. "कोणासंग?"

"कोणाच्याच नाई. खोली घेते. दरीकडं ग्यालरी हाय तिची. सकायी पोरगा कॉफी आनून देते, तथलीच पिकलेली. ते पेते अन् बसते. झोप आली तं झोपते. जेवायले काय करू, हे मले कोणी इचारत नाई. चार दिवस मी कोणाची आई नाई, वहिनी नाई, सून नाई. म्यानेजर म्याडम म्हनते मले." आशाबाई थांबली. "पह्यल्या वेळेस गेली तं रात्रभर रडली. आपन चोरी करून राहिलो वाटे. दुसऱ्या साली नाई रडली. आता तं थंडी कवा येते म्हणून वाट पाह्यते. वर्सभर या घरात मी हसून राह्यते ना, ते त्या चार दिवसांच्या भरवशावर. तुले देऊ कशी मी चुनी? मंग मी जाऊ कशी?"

सीमाने डाळीतून हात बाहेर काढला. मग तिला हसू आलं आणि ते आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरले.

"अन् मी माह्या मायले सांगतलं, का सासू बांगड्या करून राहिली."

"बांगड्या! त्या घालून दिसतीन ना साऱ्यायले." आशाबाईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "हे पाय. चुनी वाचली तं यंदापासून अर्धी तुही. संग चाल."

"खरंच?"

"खोल्या मात्र येगयेगळ्या."

सीमाने ओला हात पदराला पुसला आणि सासूच्या हातात दिला. घरात इतकी वर्षं चाललेलं एक भांडण तिथे मिटलं. गिरणीतल्या पुरुषांना त्याचा पत्ता नव्हता. ते फिशटँकला जागा शोधत होते.

*

प्रियदर्शनी मॅडम दुपारी आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, सुती कुर्ता, पायात साध्या चपला. कुलदीपला थोडी निराशा वाटली. एवढी मोठी कंपनी, निदान पायात बूट तरी हवे होते. पण त्याने भाषण सुरू केलं आणि ते चांगलं चाललं होतं. आपल्यासारखा लहान उद्योजकच जगाचं भवितव्य ठरवणार, असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या अंगावर खरोखर काटा आला.

बाईंनी सगळं नीट पाहिलं. फिशटँकपाशी त्या थांबल्या. दोनांपैकी एक मासोळी सकाळीच मेली होती आणि शेषरावांनी ती गुपचूप बाहेर टाकली होती.

"या माशाचा आणि तूरडाळीचा संबंध?"

"परिसंस्था," सूर्यभान म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं. आवारात हेल्मेटवाल्या बायांना त्यांनी विचारलं, "इथे वरून काय पडतं हो?"

"ऊन," त्यातली एक म्हणाली.

बाईंनी तेही लिहून घेतलं. कुलदीपचा जीव भांड्यात पडला. चौकोनामागून चौकोन गेले आणि त्या पाचव्यापाशी आल्या. स्त्री-पुरुष समानता. तिथे आशाबाई आणि सीमाचा सकाळीच काढलेला फोटो होता. नऊवारी नेसलेल्या दोघी वजनकाट्याजवळ उभ्या होत्या आणि काट्यावर गिऱ्हाइकाकडे बघावं तसं कॅमेऱ्याकडे बघत होत्या.

"फोटो छान आहे. पण गिरणीतून या दोघींच्या स्वतःच्या हातात काही येतं का? असं उत्पन्न, की ज्याचा निर्णय त्या घेतात?"

कुलदीप फोटोकडे बघायला लागला.

"काही हिस्सा, पगार?"

"घरातलंच आहे सगळं," कुलदीप म्हणाला.

"ते सगळीकडेच असतं." बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आधीच सांगते, आमच्याकडे हा चौकोन सगळ्यात वजनाचा धरतात. हा रिकामा राहिला तर बाकीचे सोळा भरून उपयोग नाही."

चारही पुरुष एकमेकांकडे बघू लागले. पाच वर्षांची ऑर्डर फाटकाकडे निघालेली सगळ्यांना दिसत होती. आणि एकदम सूर्यभान ओरडले, "चुनी!"

कुलदीपने झटकन भिंतीकडे पाहिलं. चुनी बाराव्या चौकोनाखाली होती, तीही त्याच्या बायकोच्या सुबक अक्षरात.

"कुलदीप," नत्थुजी खुर्चीतून म्हणाले, "काढ तो कागद तथून."

"आजोबा, कारखान्याला शब्द दिलाय मी!"

"मी तुह्या आजीले देला व्हता. माहा पह्यला हाय. काढ."

कुलदीप कागद सोलायला लागला. डिंक पक्का होता, अर्धा कागद भिंतीवरच राहिला. 'कचरा शून्य' एवढंच तिथे उरलं. तोवर सूर्यभानांनी सूर लावला होता. आमच्या कुटुंबात तीन पिढ्यांपासून उपउत्पादनावर स्त्रियांची मालकी आहे, हा ग्रामीण स्त्री-स्वातंत्र्याचा एक दुर्लक्षित अध्याय आहे, वगैरे. काल चहा पिताना हा अध्याय त्यांनीच गुंडाळला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"बोलवा त्यांना," बाई म्हणाल्या.

आशाबाई आणि सीमा आल्या. बाईंनी विचारलं, "चुनी तुमची का हो मावशी?"

कुलदीप बाईंच्या मागून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. जन्मात त्याने आईला इतकं कधी विनवलं नव्हतं.

"परवापर्यंत व्हती," आशाबाई म्हणाली. "काल यायनं देऊन टाकली. आज पुन्हा माही झाली का, ते यायलेच इचारा."

"झाली," नत्थुजी म्हणाले.

"मामाजी, पाहुणी हाय तोवर, का कायमची?"

म्हाताऱ्याने मान वर केली. काल आपण गप्प बसलो याची त्याला आता लाज वाटत होती. "कायमची. तुही, मंग सीमाची. मॅडम, लिवून घ्या. दर साली येऊन पाहा."

बाईंनी लिहून घेतलं. शेषरावांनी सुटकेचा श्वास सोडला. पण बाई थांबल्या नाहीत.

"आता एवढंच. या उत्पन्नाचा काय परिणाम झाला, ते आम्हाला लिहावं लागतं. मावशी, हे पैसे तुम्ही कशावर खर्च केले?"

 जे विचारायचं नाही असा घरात दंडक होता, ते एका परक्या बाईने सहज विचारलं होतं, आणि आता सगळ्यांनाच ऐकायचं होतं. शेषराव नकळत पुढे सरकले. आपल्या बायकोच्या पैशाचं पुढे काय होतं याचं कुतूहल त्यांनी इतकी वर्षं सभ्यपणाने दाबलं होतं. त्यांची मनोमन खात्री होती की तिने ते पोरांसाठी, त्यांच्यासाठी, अडीअडचणीला बाजूला ठेवले असणार. त्या विचाराने त्यांना आत्ताच गहिवरून आलं.

"मुलांचं शिक्षण," सूर्यभान हळूच म्हणाले. "चौथा चौकोन."

"आरोग्य पण चालेल," कुलदीप कुजबुजला. "तिसरा."

शिक्षण म्हणणं सोपं होतं. सगळे खूश झाले असते, बाईंनी टिक केली असती. पण आशाबाईला पुढचं दिसत होतं. एकदा घरासाठी म्हटलं की चुनी पुन्हा घराची झाली. मग पुढच्या वर्षी कुलदीप तक्ता करणार, शिक्षणावर किती, औषधावर किती, आणि उरले का? चिखलदऱ्याची थंडी त्या तक्त्यात बसणार नव्हती. तिने सीमाकडे पाहिलं. सीमाने डोळ्यांनीच सांगितलं, बोला.

"माह्यावर," आशाबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे चिखलदऱ्याले जाते मी. दरसाल. एकलीच. खोली घेते, झोपते, कॉफी पेते."

शेषरावांचं तोंड उघडं राहिलं. नत्थुजींनी काठी घट्ट धरली. गोदाबाई कुठे जात असेल, हा विचार त्यांच्या मनात इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला असावा.

सगळ्यात आधी सावरला कुलदीप. "पर्यटन! मॅडम, पर्यटनातून आदिवासी भागात रोजगार. आठवा चौकोन. आई, तू रोजगारनिर्मिती..."

"नाई रे बापा. रोजगारासाठी नाई जात मी. मले बरं वाटते म्हणून जाते."

प्रियदर्शनी मॅडमनी हातातले कागद चाळले. पुन्हा चाळले. बरं वाटण्याला त्यात जागा नव्हती. मग त्या हसायला लागल्या, आणि पुण्याची भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली.

"मावशी, मी चांदूर रेल्वेची हाये. माही माय अजून कोठीच गेली नाई." त्यांनी टोपण काढलं आणि पाचव्या चौकोनापुढे समासात काहीतरी लिहिलं. "भरला हा चौकोन. चुनी यांच्याकडे आहे तोवर ऑर्डर तुमच्याकडे. हॉटेल कोणतं, मावशी?"

"ते नाई सांगत. उद्या सारे तथीच येतीन."

बाई जेवून गेल्या. कुलदीपने लगेच फोन काढला. आपल्या गिरणीने राबवलेल्या महिला मालकीच्या अभिनव प्रयोगाबद्दल तो जगाला कळवायला लागला. सूर्यभान त्याला मजकूर सांगत होते, कारखान्याला काय कळवायचं ते उद्यावर गेलं होतं. आवारातल्या बायांची हेल्मेटं गोळा करून परत पाठवली गेली. त्यांना गिरणीतून स्वतःच्या हातात काय येतं, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्यासाठी वेगळा चौकोन असेल.

आशाबाई चुनीच्या ढिगापाशी उभी राहून पोती भरून घेत होती. शेषराव तिथे आले.  रागवावं तर कशावरून? तिने काही चोरलं नव्हतं. त्यांना नुसतं वाईट वाटत होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखं दिसत होतं.

"इतकी वर्सं गेली तू," ते शेवटी म्हणाले. "एखांद्या साली मले काऊन नाई नेलं?"

आशाबाईने पोत्याचं तोंड बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि नवऱ्याकडे वळली. तिला त्यांची दया आली, पण खोटं बोलण्याइतकी नाही.

"तुमाले संग न्याचं असतं," ती म्हणाली, "तं मंग घर काय वाईट व्हतं?"